हिवतापाचं औषध, कोंबडीचा आजार

पावसाळा लागला की शेडमध्ये रक्ती हगवण येते आणि तिच्यामागोमाग सल्ले येतात. ताकात हळद कालवून द्या, लसूण ठेचून द्या, लिटरवर चुना मारा. त्यातच एक सल्ला अधूनमधून कानावर येतो: मेडिकलमधून मलेरियाच्या गोळ्या आणा आणि पाण्यात विरघळवून पाजा. मला असा फोन आला होता. "डॉक्टर, पिल्लं रक्त हगतायत. पाहुणे म्हणतात क्लोरोक्विन टाका. टाकू का?" मी विचारलं, पिल्लू फाडून बघितलंत का? उत्तर नाही असं होतं. मग म्हटलं, गोळ्या राहू द्या, आत्ताच मेलेलं एक पिल्लू घेऊन या.

हा सल्ला हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रक्ती हगवणीचा परजीवी आणि हिवतापाचा परजीवी एकाच मोठ्या कुळातले आहेत. हिवतापासाठी शोधलेल्या काही औषधांवर कोंबडीपालनाचा धंदा कितीतरी वर्षं चालला, हेही खरं आहे. पण त्या औषधांत क्लोरोक्विन नाही, आणि ते का नाही याचं उत्तर ठाऊक असलं की शेडमधले निम्मे घोळ टळतात. हे पुस्तक ते उत्तर सविस्तर देतं. प्रस्तावनेच्या निमित्तानं मी त्यातले काही धागे माझ्या पद्धतीनं उलगडणार आहे. लेखकांशी माझा एक मतभेद आहे, तोही ओघात सांगतो.

सुरुवात कोंबडीपासून नको, चिमणीपासून करू. रोनाल्ड रॉस यांना 1897 च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादला हिवतापाच्या रुग्णाचं रक्त प्यालेल्या डासाच्या पोटात परजीवीच्या गाठी दिसल्या, ही गोष्ट आपल्याकडे शाळेत शिकवतात. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. डास परजीवी नेमका पसरवतो कसा, हे रॉस यांनी माणसांवर सिद्ध केलंच नाही. 1898 मध्ये कलकत्त्यात त्यांना प्रयोगासाठी रुग्ण मिळेनात, म्हणून ते पक्ष्यांकडे वळले. चिमण्या, चंडोल, कावळे यांच्या रक्तातल्या हिवतापावर त्यांनी काम केलं. त्या जुलैत डासाच्या लाळग्रंथीत परजीवी सापडला, आणि असे डास चावलेल्या निरोगी चिमण्या आजारी पडल्या. मोहम्मद बक्ष नावाचा त्यांचा मदतनीस डास आणि पक्षी सांभाळायचा. 1902 चं नोबेल ज्या शोधाला मिळालं, त्याचा कणा पक्ष्यांच्या हिवतापाचा आहे.

पुढची पन्नास वर्षं हिवतापाच्या औषधांचा शोध पक्ष्यांच्याच जिवावर चालला. जर्मनीत एल्बरफेल्डच्या प्रयोगशाळेत विल्हेल्म रोएल यांनी 1920 च्या दशकात कॅनरी पक्ष्यांना हिवतापाची लागण करून एकामागून एक रसायनं पाजून पाहिली. त्यातून प्लाझ्मोकिन निघालं, म्हणजे आजच्या प्रायमाक्विनचा पूर्वज. 1934 मध्ये तिथेच हान्स आंडरसाग यांनी जे रसायन बनवलं, ते पुढे क्लोरोक्विन म्हणून जगभर गेलं. मग 1935 साली फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी श्रीलंकेतून आलेल्या कोंबडीच्या रक्तातला प्लाझ्मोडियम गॅलिनॅशियम हा परजीवी वर्णन केला आणि संशोधकांचं काम फार सोपं झालं. कॅनरी महाग आणि नाजूक. कोंबडीचं पिल्लू स्वस्त, हवं तेव्हा हवं तेवढं मिळणारं. शिवाय हा परजीवी प्रयोगशाळेत सहज पाळता येणाऱ्या एडिस डासातून पसरतो.

दुसऱ्या महायुद्धात जपाननं जावा घेतलं आणि सिंकोनाच्या सालीचा पुरवठा तुटला. तेव्हा अमेरिकेनं सुमारे 14,000 रसायनं हिवतापाविरुद्ध तपासली, त्यांतली बहुतेक आधी पिल्लांवर, बदकांवर आणि कॅनरींवर. इंग्लंडमध्ये इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या शास्त्रज्ञांनी 1945 मध्ये जाहीर केलेलं पॅलुड्रिन पिल्लांवरच पारखलेलं होतं. जॉर्ज हिचिंग्ज यांच्या गटानं काढलेलं पायरिमेथामिनही पिल्लांवरच्या परीक्षेतून पुढे आलं. 1948 मध्ये आफ्रिकेतल्या रानउंदरांत उंदरांचा हिवताप सापडला आणि प्रयोगशाळांतल्या पिंजऱ्यांत पिल्लांच्या जागी पांढरे उंदीर आले. तोवर जे काही हाती लागलं होतं, त्यातल्या बऱ्याच औषधांची पहिली चव कोंबडीनं घेतलेली होती. म्हणून 'माणसाचं औषध कोंबडीला कसं चालेल' असं कुणी आश्चर्यानं विचारलं की मला गंमत वाटते. कोंबडीला चाललं म्हणून तर ते माणसापर्यंत आलं.

एक शोध तर निव्वळ पिल्लांमुळे लागला. क्विनीन देऊन पिल्लांचं रक्त स्वच्छ करावं, तरी काही दिवसांनी पिल्लं झटके येऊन मरायची. 1937 मध्ये जेम्स आणि टेट या इंग्लिश शास्त्रज्ञांनी दाखवलं की गॅलिनॅशियम रक्तपेशींच्या बाहेरही वाढतो. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तरात तो ठाण मांडतो आणि त्या बंद करतो. रक्त तपासून 'बरं झालं' म्हणणं फसवं आहे, हे तेव्हा कळलं. माणसाच्या हिवतापातही रक्ताबाहेर एक लपलेली अवस्था असणार हा संशय इथूनच बळावला. शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी 1948 मध्ये ती यकृतात दाखवून दिली.

आता उलटा प्रवास. युद्धकाळातल्या हिवतापाच्या शोधात अमेरिकेतल्या मर्क कंपनीत सल्फाक्विनॉक्सॅलिन नावाचा सल्फा तयार झाला. माणसाला तो मानवला नाही. पण रक्ती हगवण आणणाऱ्या कॉक्सिडिया या आतड्यातल्या परजीवींवर त्याचा प्रभाव जबर होता. सल्फा औषधं रक्ती हगवणीवर चालतात हे पी. पी. लेव्हाइन यांनी 1939 मध्येच दाखवलं होतं. मात्र तोवरची पद्धत म्हणजे आजार आला की औषध द्यायचं. 1948 पासून सल्फाक्विनॉक्सॅलिन थोड्या मात्रेत रोजच्या खाद्यातच मिसळलं जाऊ लागलं आणि हजारो पक्षी एका छपराखाली ठेवणं परवडू लागलं. ब्रॉयलर स्वस्त झाला त्यामागे संकर आहे, मका-सोया आहे, तसंच सैनिकांसाठी शोधलेलं आणि सैनिकांना न चाललेलं हे औषधही आहे. त्याचा इतिहास विल्यम कॅम्बेल यांनी लिहून ठेवला आहे. आयव्हरमेक्टिनसाठी त्यांना 2015 चं नोबेल मिळालं तेव्हा दुसरा अर्धा वाटा हिवतापावरच्या आर्टेमिसिनिनसाठी तू यूयू यांच्याकडे गेला. जनावरांच्या औषधाचा माणूस आणि हिवतापाच्या औषधाची बाई एकाच मंचावर होती, हे आमच्या व्यवसायातल्या फारशा कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या औषधाची एक खोड मात्र प्रत्येक कोंबडीपालकानं लक्षात ठेवावी. सल्फाक्विनॉक्सॅलिन जीवनसत्त्व के च्या कामात आडवं येतं. मात्रा जास्त झाली किंवा दिवस लांबले की पक्ष्याचं रक्त गोठत नाही, स्नायूंत आणि कातडीखाली लालजांभळे डाग पडतात. परदेशात उंदीर मारायच्या विषारी आमिषात वॉरफरिनच्या जोडीला हेच रसायन घातलं गेलं आहे, यावरून काय ते समजा. रक्ती हगवण थांबत नाही म्हणून कुणी दुप्पट औषध पाजतो आणि पक्षी आता आजारानं नव्हे तर औषधानं रक्तस्राव होऊन मरतात. बाहेरून दोन्हीकडे रक्तच दिसतं. फाडल्याशिवाय फरक कळत नाही.

म्हणून फाडून बघण्याबद्दल थोडं तपशिलात सांगतो. तीन-चार आठवड्यांचं, पंख पाडून कोपऱ्यात बसणारं, नुकतंच मेलेलं पिल्लू घ्यावं. पोट उघडलं की आतड्याच्या शेवटाकडे दोन आंधळ्या पिशव्या दिसतात. एरवी त्या बोटापेक्षा बारीक आणि तपकिरी असतात. कॉक्सिडियांपैकी आयमेरिया टेनेला या जातीनं हल्ला केला असेल तर त्या फुगून काळपट लाल होतात आणि कात्री लावली की आतून रक्ताचा गोळा बाहेर येतो. अस्तर खरवडून काचपट्टीवर घ्यावं, वर थेंबभर पाणी, त्यावर पातळ काच. इथे नवशिक्याची हमखास फसगत होते. तो कवचाच्या गोल-लांबट ऊसिस्ट शोधत बसतो आणि सापडल्या नाहीत की 'कॉक्सिडिओसिस नाही' म्हणून मोकळा होतो. परजीवीची आतड्यातली दुसरी पिढी फुटते तेव्हा रक्त येतं, लागण झाल्यापासून पाचव्या दिवसाच्या सुमाराला. ऊसिस्ट विष्ठेत येतात साधारण सातव्या दिवसापासून. म्हणजे शेडमध्ये रक्त दिसतं त्या दिवशी ऊसिस्ट नसणं हेच स्वाभाविक आहे. त्या खरवडीत केळ्याच्या आकाराचे असंख्य बारीक जीव आणि ते ज्यातून फुटले ते मोठे गोळे बघायचे असतात.

सल्फा गटाचा मारा याच दुसऱ्या पिढीवर सर्वांत नेमका बसतो. रक्त दिसल्यावरही तो उपयोगी पडतो याचं कारण हेच. आपल्याकडे सर्रास मिळणारं अँप्रोलियम पहिल्या पिढीवर जास्त चालतं. ते हिवतापाच्या वाटेनं आलेलं नाही. जीवनसत्त्व बी-1 चं सोंग घेऊन ते परजीवीला फसवतं. आजारी पक्षी खाणं सोडतो, पाणी सोडत नाही. तेव्हा उपचाराचं औषध पाण्यातून आणि प्रतिबंधाचं खाद्यातून, हा साधा नियम झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. क्लोरोक्विन इथे का चालत नाही?

आयमेरिया आणि प्लाझ्मोडियम दोघेही अ‍ॅपिकॉम्प्लेक्सा या गटातले. दोघांच्याही टोकाला पेशीत शिरण्याची सारखीच यंत्रणा असते. दोघांच्या पोटात एका प्राचीन शैवालाचा अवशेष असलेला, हरितद्रव्य गमावलेला एक घटक असतो. त्याचा छडा 1990 च्या दशकात लागला. पण दोघांचं खाणं वेगळं. हिवतापाचा परजीवी तांबड्या पेशीत राहतो आणि हिमोग्लोबिन पचवतो. पचवताना लोहयुक्त हीम सुटं होतं, ते त्याला विषारी असतं, म्हणून तो त्याचे तपकिरी स्फटिक करून निरुपद्रवी करतो. क्लोरोक्विन हे स्फटिक होऊ देत नाही, आणि परजीवी स्वतःच्याच उष्ट्यानं मरतो. आयमेरिया आतड्याच्या अस्तराच्या पेशीत राहतो. तो हिमोग्लोबिन खातच नाही. रक्त वाहतं ते अस्तर फाटल्यामुळे, परजीवी रक्त पितो म्हणून नाही. जिथे हीमचा कारखानाच नाही तिथे क्लोरोक्विन काय बंद पाडणार?

फॉलेटचं तसं नाही. माणूस आणि कोंबडी दोघांनाही फॉलेट खाण्यातून मिळतं. हे परजीवी मात्र ते स्वतः बनवतात. सल्फा त्या साखळीची एक कडी तोडतो, पायरिमेथामिन पुढची कडी तोडतं. एकाच साखळीवर दोन ठिकाणी घाव पडल्यानं दोघांची मिळून मात्रा बरीच कमी पुरते. ही साखळी प्लाझ्मोडियमकडे आहे, आयमेरियाकडे आहे, पुढे येणाऱ्या ल्युकोसायटोझूनकडेही आहे. त्यामुळे ही जोडी तिघांवरही चालली. 'हिवतापविरोधी' हा औषधाच्या वेष्टनावरचा शिक्का आहे. परजीवी कशावर जगतो याच्याशी त्या शिक्क्याचा काही संबंध नाही. आठवड्यात एकदा तरी कुणीतरी मला औषधाच्या नावावरून उपचार विचारतं, आणि दरवेळी मी आजाराकडे वळवतो. या पुस्तकातली प्रकरणं औषधांच्या नावांनी नाहीत, परजीवीच्या जगण्याच्या रीतीवरून लावली आहेत. मला त्याचं विशेष मोल वाटतं.

कोंबडीला खरोखर हिवताप होतो तेव्हा काय, हा प्रश्न राहतो. गॅलिनॅशियम श्रीलंका, भारत आणि आग्नेय आशियात आढळतो. रानकोंबडा त्याचा जुना यजमान असावा असं मानलं जातं, आणि रानकोंबड्यात तो फारसा दंगा करत नाही. परदेशी जातीच्या पक्ष्यांत मात्र तो कहर करतो: तुरा पांढरा पडतो, विष्ठा हिरवट होते, पाय लुळे पडतात आणि मरतूक वेगानं चढते. मानमोडी समजून लसीकडे बोट दाखवलं जातं आणि रक्ताची पट्टी कुणी करत नाही. खरं तर पट्टी बघणं हा आनंद आहे. पक्ष्याची तांबडी पेशी आपल्यासारखी केंद्रकाविना नसते. लंबगोल पेशी, मधोमध जांभळं केंद्रक. गीम्सा रंगात परजीवी त्या केंद्रकाला कडेला ढकलून बसलेला दिसतो आणि त्याच्या अंगात तपकिरी-सोनेरी कण चमकतात. हे कण म्हणजे तेच हीमचे स्फटिक. ते दिसले तर क्लोरोक्विनला काम आहे. तरी ते रक्तातल्या अवस्थेपुरतंच. मेंदूतल्या केशवाहिन्यांत बसलेल्या अवस्थेपर्यंत ते पोचत नाही, हे जेम्स आणि टेट यांच्या पिल्लांनी शिकवलेलंच आहे. तिथे सल्फा, पॅलुड्रिन, पायरिमेथामिन किंवा प्रायमाक्विन अशांचा विचार करावा लागतो. प्राणिसंग्रहालयातले पेंग्विन पक्ष्यांच्या हिवतापानं पटापट दगावतात, म्हणून त्यांना क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन जोडीनं देतात. पेंग्विनची अंडी कुणी खात नाही. आपल्याला हे स्वातंत्र्य नाही.

ल्युकोसायटोझून कॉलेरी हा दुसरा प्रकार. फ्रेंचांनी तो 1909 मध्ये तोंकिनमध्ये, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममध्ये, कोंबड्यांत पाहिला. जपान, तैवान आणि आग्नेय आशियात त्यानं अंड्यांच्या धंद्याला फार त्रास दिला. भातखाचरांतून येणाऱ्या क्युलिकॉइडिस या बारीक चावऱ्या माशीतून तो पसरतो. पक्षी रक्ताची गुळणी टाकून मरतात, जगतात त्यांची अंडी घटतात. या परजीवीच्या अंगात तपकिरी कण नसतात, कारण तो हीमचे स्फटिक करत नाही, आणि म्हणून क्लोरोक्विन इथेही उपयोगाचं नाही. जपानमध्ये 1960 च्या दशकात यावर उतारा म्हणून खाद्यात पायरिमेथामिन आणि सल्फाडायमेथॉक्सिन देण्याची पद्धत बसली. मात्रा विलक्षण कमी होती: दर दहा लाख भागांत पायरिमेथामिन एक भाग आणि सल्फा दहा भाग. हिवतापाच्या औषधानं पोल्ट्रीत मिळवलेलं सर्वांत स्वच्छ यश मी यालाच म्हणेन. पुढे तिथेही पायरिमेथामिनला न जुमानणारे परजीवी निघालेच.

कबुतरं पाळणाऱ्यांसाठी हीमोप्रोटिअसचं एक छोटं प्रकरण आहे. कबुतराच्या पिसांत फिरणारी चपटी माशी तो पसरवते. तिथे औषधापेक्षा माशी आवरणं जास्त महत्त्वाचं, एवढं सांगून मी पुढे जातो.

हॅलोफ्यूजिनोनची कथा मला या सगळ्यात सर्वांत आवडते. चीनमध्ये चांग शान नावाच्या झुडपाची मुळी शतकानुशतकं तापावर देत आले. तेच झुडूप, डायक्रोआ फेब्रिफ्यूगा, आपल्या पूर्व हिमालयातही वाढतं. 1940 च्या दशकात त्यातून फेब्रिफ्यूजिन वेगळं काढलं गेलं. बदकांच्या हिवतापावर ते क्विनीनच्या कितीतरी पट प्रभावी ठरलं, पण माणसाला इतक्या उलट्या व्हायच्या की औषध म्हणून ते टिकणं शक्य नव्हतं. अमेरिकन सायनामिड कंपनीनं त्याच्या रेणूत फेरफार करून हॅलोफ्यूजिनोन बनवलं. ते माणसाकडे न जाता ब्रॉयलर आणि टर्कीच्या खाद्यात गेलं, कॉक्सिडियाविरुद्ध. मग तक्रारी आल्या की प्रक्रियेच्या वेळी कोंबडीची कातडी फाटते. इस्रायलमधल्या संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळलं की हे औषध कातडीतलं कोलॅजन घटवतं. त्या तक्रारीतून कातडी घट्ट होत जाणाऱ्या मानवी विकारांवर त्याचा विचार सुरू झाला. ते नेमकं कशावर बोट ठेवतं हे 2012 मध्ये उलगडलं: प्रथिनं जुळवताना प्रोलिन हे अमिनो आम्ल आणून देणाऱ्या विकरावर. तापाची मुळी, कोंबडीचं खाद्य आणि माणसाची कातडी असा प्रवास एकाच रेणूनं केला. गिनी फाउल, बदकं आणि मासे यांना मात्र ते विषारी आहे. ज्यांच्या शेतात कोंबड्या आणि शेततळ्यात मासे आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

आणि इथे लेखकांशी माझा मतभेद. आर्टेमिसिनिनबद्दल ते माझ्यापेक्षा जास्त आशावादी आहेत. तू यूयू यांच्या गटानं 1971 मध्ये आर्टेमिसिया अन्नुआ या वनस्पतीतून थंड ईथरनं काढलेला अर्क उंदरांच्या हिवतापावर पूर्ण यशस्वी ठरला. 1997 मध्ये अमेरिकेत अ‍ॅलन आणि सहकाऱ्यांनी आर्टेमिसिया अन्नुआची वाळलेली पानं आणि शुद्ध आर्टेमिसिनिन पिल्लांच्या खाद्यात घालून पाहिलं, आणि काही जातींच्या ऊसिस्ट कमी झाल्या. पुढच्या कामातून असं दिसलं की हे औषध ऊसिस्टचं कवच नीट घडू देत नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण शेडमध्ये आजार टिकतो तो या कवचामुळेच. सर्वसाधारण जंतुनाशकांना ते दाद देत नाही. उष्णता आणि अमोनियापुढेच ते नमतं, म्हणून तर बॅच गेल्यावर फ्लेम गन फिरवतात. पण पानातलं औषधाचं प्रमाण बियाण्यागणिक, हंगामागणिक, वाळवणीगणिक बदलतं. अर्धवट मात्रा रोज देणं म्हणजे परजीवीला सराव देणं. आपला जेजुरीचा आणि जोतिबाचा दवणा याच प्रजातीतला, पण वनस्पती वेगळी. तो कोंबड्यांना घालून काही साधणार नाही. लेखकांना हा देशी पर्याय वाटतो, मला तो अजून प्रयोगशाळेतला विषय वाटतो. वाचकांनी दोन्ही बाजू वाचाव्यात.

या मतभेदामागे आणखी एक गोष्ट आहे. आर्टेमिसिनिनच्या कुळातली औषधं आज माणसाच्या फाल्सिपेरम हिवतापावरचा शेवटचा भक्कम आधार आहेत. महाराष्ट्रात हिवतापाचा मोठा भार गडचिरोली वाहतो, आणि तिथल्या फाल्सिपेरमच्या रुग्णाला आर्टेसुनेटबरोबर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनच दिलं जात आलं आहे. मग कोंबडीला हीच औषधं दिल्यानं माणसाच्या हिवतापात प्रतिकार वाढेल का? थेट नाही. कोंबडीचा आयमेरिया कोंबडीतच राहतो. कोंबडीचा प्लाझ्मोडियम माणसाला होत नाही. पायरिमेथामिनला कणखर झालेला परजीवी शेडच्या लिटरमध्येच पडून राहील आणि पुढच्या बॅचला छळेल, म्हणजे नुकसान मालकाचं. पण सल्फा परजीवीपुरता थांबत नाही. तो आतड्यातल्या जिवाणूंवरही चालतो, आणि कणखर झालेला ई. कोलाय शेडचं दार ओलांडतो. 2019 मध्ये केंद्र सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि पक्ष्यांत कोलिस्टिनवर बंदी घातली ती याच भीतीपोटी. सल्फाबाबत आपण तेवढी भीती बाळगत नाही, कारण तो जुना, स्वस्त आणि ओळखीचा आहे.

उलट दिशेनंही काही येतंच. डेकोक्विनेट हे कोंबड्यांचं कॉक्सिडियाविरोधी औषध. 2012 मध्ये असं दिसलं की हिवतापाच्या परजीवीच्या यकृतातल्या अवस्थेवरही ते जोरदार चालतं. पोल्ट्रीच्या खाद्यकोठीतून हिवतापाच्या प्रयोगशाळेत नमुने गेले, हे पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात सविस्तर आलं आहे.

औषधाविना चालवण्याच्या वाटेला लेखकांनी भरपूर जागा दिली, याचं समाधान वाटतं. जिवंत ऊसिस्टची लस आज ब्रीडर आणि अंड्यांच्या पक्ष्यांत वापरतात. एस. ए. एडगर यांची पहिली व्यापारी लस 1952 ची. तिचं तत्त्व सोपं आहे: पिल्लाला थोडी लागण लवकर होऊ द्यायची, म्हणजे पुढची मोठी लागण ते पेलतं. गावठी कोंबडी अंगणात हेच करत आली. लिटरचा ओलावा, ड्रिंकरखालची जागा, तूस किती वेळा परतायचं, छपराची गळती कुठे: या गोष्टींवर मी कुठल्याही औषधापेक्षा जास्त भरवसा ठेवतो. ऊसिस्टला रोगकारक व्हायला ओल, ऊब आणि हवा लागते, आणि आपल्या पावसाळ्यात तिला हे तिन्ही मिळून एक-दोन दिवसांत ती रोगकारक होते. ज्या शेडमध्ये ड्रिंकरभोवतीचं तूस मुठीत दाबलं की गोळा होतो, तिथे औषधाचा खर्च दरवर्षी ठरलेला.

पुस्तकात मात्रांचे तक्ते आहेत, पण प्रत्येक तक्त्यावर 'पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं' असं छापलं आहे. ते केवळ कायद्याची ढाल म्हणून छापलेलं नाही. पायरिमेथामिनसारख्या औषधानं पक्ष्याचं स्वतःचं फॉलेटही मार खातं, आणि किती दिवस सोसेल हे पक्ष्याचं वय, वजन आणि खाद्य बघून ठरतं. अंडी देणाऱ्या पक्ष्यांना सल्फा किंवा पायरिमेथामिन दिलं, तर औषध बंद झाल्यावरही काही दिवस त्याचा अंश पिवळ्या बलकात उतरत राहतो, कारण बलक एका दिवसात तयार होत नाही. त्या दिवसांतली अंडी विकायची नाहीत, घरच्या पोरांनाही घालायची नाहीत. खाटकाकडे जाणाऱ्या बॅचचा हिशेबही तसाच: विक्रीची तारीख ठरवून तिथून मागे दिवस मोजावेत, औषध संपल्यावर पुढे मोजत बसू नये. ब्रॉयलरमध्ये आठवडाभर उशीर म्हणजे खाद्याचा मोठा खर्च, हे मला माहीत आहे. म्हणूनच औषध सुरू करण्याआधी फाडलेलं पिल्लू आणि काचपट्टी बघण्याचा आग्रह या पुस्तकानं पानोपानी धरला आहे. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही तपासणी करून मिळते. मेलेलं पिल्लू बर्फात ठेवून, शक्यतो मेल्यापासून काही तासांच्या आत न्यावं.